पोस्टडॉक उमेदवारांना मुलाखतीसाठी कोण तयार करणार?

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की दिल्लीतील आम्हा मराठी अधिकाऱ्यांचे रविवार ठरून जातात. धुळे, नांदेड, सोलापूर, गडचिरोली अशा ठिकाणांहून मुलाखतीसाठी आलेली मुले-मुली एखाद्या सभागृहात जमतात आणि आम्ही चार-पाच जण त्यांच्या अभिरूप मुलाखती घेतो. कोणी आपल्या जिल्ह्याच्या पाणीप्रश्नावर अडखळतो, कोणी अर्जात छंद म्हणून 'वाचन' लिहून शेवटच्या वाचलेल्या पुस्तकाचे नाव विसरतो. त्यांना काय चुकले ते सांगितले जाते, आणि आठवड्याने ते पुन्हा येऊन बसतात. एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे गुण केवळ २७५. तरीही त्यासाठी एवढी सामूहिक धडपड आपण करतो, आणि ती योग्यच आहे असे माझे मत आहे.

याच काळात केंद्र शासनाच्या एका विभागात प्रतिनियुक्तीवर असताना मला आणखी एका प्रकारच्या मुलाखतींना बसावे लागे. विभागाच्या अखत्यारीतील संशोधनसंस्थांमध्ये वैज्ञानिकांच्या व साहाय्यक प्राध्यापकांच्या निवडी होत. समितीत विषयतज्ज्ञ असत आणि विभागाचा प्रतिनिधी म्हणून मी. तेथे येणारे उमेदवार लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांपेक्षा वयाने आठ-दहा वर्षांनी मोठे, पीएचडी झालेले, देशात किंवा परदेशात तीन ते सहा वर्षे पोस्टडॉक म्हणून काम केलेले असत. त्यांच्या निवडीत मुलाखतीचा वाटा २७५ गुणांचा नव्हता. जवळजवळ सर्व काही त्या अर्ध्या तासावर अवलंबून होते. आणि त्या अर्ध्या तासाची तयारी त्यांच्याकडून कोणीही करून घेतलेली नसे.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातील एका लहान गावची मुलगी. हैदराबादला पीएचडी, नंतर परदेशातील एका नामांकित प्रयोगशाळेत पाच वर्षे. शोधनिबंध उत्तम, समितीतील तज्ज्ञ तिचे काम आधीपासून ओळखत होते. तिला सादरीकरणासाठी २० मिनिटे दिली होती. त्यांतली १८ मिनिटे तिने आपल्या प्रयोगांच्या तपशिलात घालवली. मग अध्यक्षांनी विचारले, "येथे आल्यावर पहिल्या पाच वर्षांत तुम्ही काय कराल?" ती म्हणाली, "सध्या आमच्या प्रयोगशाळेत जे चालू आहे तेच पुढे नेईन." दुसऱ्या सदस्यांनी विचारले, "त्यासाठी लागणारे उपकरण आमच्याकडे नाही. ते येईपर्यंत काय?" तिच्याकडे उत्तर नव्हते. ती बाहेर गेल्यावर चर्चा दोन मिनिटांत संपली. स्वतंत्र संशोधक म्हणून विचार करण्याची तयारी दिसत नाही, असा शेरा पडला. त्या पदासाठी दुसरा उमेदवारही पसंत पडला नाही आणि इतिवृत्तात 'योग्य उमेदवार आढळला नाही' असे लिहिले गेले. त्या इतिवृत्तावर माझीही सही आहे.

संध्याकाळी ती मला आवारात भेटली. मी मराठी आहे हे तिला आडनावावरून कळले होते. निकालाबद्दल तिने काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, "सर, पाच वर्षांचा आराखडा विचारतात हे मला आज कळलं. आमच्या सरांना विचारलं होतं, ते म्हणाले, तुझं काम चांगलं आहे, काळजी करू नकोस." त्यानंतर तिने भारतात अर्ज केला नाही. ती जागा पुढील वर्षी पुन्हा जाहिरातीत आली.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनाशी घोळवला. समितीने चुकीचे प्रश्न विचारले नव्हते. स्वतंत्र प्रयोगशाळा चालवू पाहणाऱ्याला पाच वर्षांचा आराखडा विचारलाच पाहिजे. उमेदवाराच्या बुद्धीतही उणेपण नव्हते. उणीव होती ती या दोहोंच्या मधल्या जागेत, आणि ती जागा प्रशासनाच्या भाषेत सांगायची तर कोणाच्याच कार्यसूचीत नाही.

पोस्टडॉक हा आपल्या व्यवस्थेतील त्रिशंकू आहे. तो विद्यार्थी नसतो, म्हणून संस्थेच्या नोकरी-साहाय्य कक्षाचा त्याच्याशी संबंध येत नाही. तो नियमित कर्मचारी नसतो, म्हणून आस्थापना शाखेच्या प्रशिक्षण कार्यक्रमांतही तो बसत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक वार्षिक अहवालांत विद्यार्थ्यांची संख्या असे, प्राध्यापकांची असे; पोस्टडॉक मात्र 'प्रकल्प कर्मचारी' या शीर्षाखाली कोठेतरी विरून गेलेले असत. ज्याची मोजणी होत नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, हा प्रशासनातील जुना अनुभव येथेही खरा ठरतो. राहिले मार्गदर्शक प्राध्यापक. त्यांत सज्जनांची वाण नाही. पण त्यांच्या प्रकल्पाची मुदत संपत आलेली असते, शोधनिबंध पूर्ण व्हायचा असतो आणि तो पूर्ण करणारे हात याच पोस्टडॉकचे असतात. त्या हातांना नोकरीच्या तयारीसाठी वेळ द्या, असे त्यांना सांगणारे कोणी नाही.

आता यात सार्वजनिक पैसा किती गुंतलेला आहे ते पाहू. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. पहिली दोन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे धरली तर एका पीएचडीच्या केवळ छात्रवृत्तीवर २४ लाख रुपये होतात. घरभाडे, रसायने, उपकरणे, मार्गदर्शकाचे वेतन यात धरलेले नाही. पुढे रिसर्च असोसिएट म्हणून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये. एवढा खर्च करून घडवलेली व्यक्ती शेवटच्या अर्ध्या तासात केवळ माहितीच्या अभावी गळते आणि दुसरीकडे केंद्रीय विद्यापीठांत व राष्ट्रीय संस्थांत शिक्षकांची हजारो पदे रिक्त असल्याची उत्तरे संसदेत वर्षानुवर्षे दिली जातात. पदे रिक्त राहण्याची कारणे अनेक आहेत, हे मान्य. पण 'योग्य उमेदवार आढळला नाही' हे त्यांपैकी एक आहे, आणि राखीव जागांच्या बाबतीत तो शेरा किती कडवटपणा निर्माण करतो हे प्रशासनात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तयारी म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट केले पाहिजे. समितीच्या टेबलाच्या या बाजूने मला दिसलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट संशोधन आराखड्याची. तो मागील कामाचा अहवाल नसतो. आपला प्रश्न मार्गदर्शकाच्या प्रश्नापासून वेगळा कसा, तो याच संस्थेत का सुटू शकेल आणि उपकरण येईपर्यंत पहिल्या वर्षी कोणते काम करता येईल, ही तीन उत्तरे त्यात असावी लागतात. तिसरे उत्तर परदेशातून येणाऱ्यांना हमखास चुकते. शासकीय खरेदी २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी चालते. २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीसाठी ते काहीसे शिथिल झाले असले तरी मोठे उपकरण मागणीपासून चालू स्थितीत येईपर्यंत बराच काळ जातो. हे समजून आराखडा मांडणारा उमेदवार समितीला लगेच वेगळा दिसतो.

दुसरी गोष्ट संस्थांमधील फरक ओळखण्याची. आयआयटी व आयसर यांपैकी अनेक संस्था वर्षभर अर्ज स्वीकारतात. तेथे विभागातील व्याख्यान आणि सहकाऱ्यांशी होणाऱ्या भेटी यांना महत्त्व असते. विद्यापीठांचे तसे नाही. तेथे बिंदुनामावलीनुसार जाहिरात निघते, ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणतक्त्याने छाननी होते. त्या तक्त्यात अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण, कमाल १० गुण आहेत. हा तक्ता फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता आहे. अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवरच होते. त्याच विनियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. तेव्हा त्या विभागाचा अभ्यासक्रम न वाचता येणारा उमेदवार समितीला विद्यापीठासाठी अनुत्सुक वाटला तर नवल नाही. मी कोणते दोन विषय उद्यापासून शिकवू शकतो, याचे उत्तर तयार हवे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ही वैज्ञानिकांना क्षुल्लक वाटते आणि येथेच माझ्यासारख्या माणसाचा अनुभव उपयोगी पडतो. अनुभव प्रमाणपत्रात रुजू झाल्याचा व कार्यमुक्त झाल्याचा नेमका दिनांक, पदनाम व वेतन असले पाहिजे. प्रयोगशाळा-प्रमुखाने लिहिलेले प्रेमळ पत्र छाननी करणाऱ्या लिपिकाच्या उपयोगाचे नसते. परदेशी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न आधी सोडवून ठेवावा. इतर मागासवर्गीय उमेदवारांनी केंद्र शासनाच्या नमुन्यातील नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र घ्यावे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर अर्ज अडतात. महाराष्ट्राच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही, हेही तपासावे. घरापासून दूर, विशेषतः परदेशात असताना हे कागद जाहिरातीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत जमवणे फार कठीण जाते.

चौथी गोष्ट व्याख्यानाची. समितीत आपल्या विषयाचा एखादाच असतो, बाकीचे शेजारच्या विषयांतले. मला समजले नाही तरी चालेल, पण शेजारच्या विषयातील प्राध्यापकाला पहिल्या तीन मिनिटांत प्रश्नाचे महत्त्व कळले पाहिजे. अमेरिकेत याशिवाय चॉक टॉक असते. पडद्यावरील चित्रांचा आधार न घेता फळ्यासमोर उभे राहून आपली भावी योजना मांडायची आणि मध्येच येणाऱ्या आक्षेपांना उत्तरे द्यायची. ही गोष्ट पुस्तक वाचून येत नाही. पाच-सहा वेळा अडखळूनच येते.

पाचवी गोष्ट वेळेची. इन्स्पायर फॅकल्टी योजनेची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारासाठी ३२ वर्षे आहे. तिसाव्या वर्षी पीएचडी झालेल्याला हे पोस्टडॉकच्या तिसऱ्या वर्षी कळले तर उपयोग शून्य. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन व रामलिंगस्वामी छात्रवृत्ती आहेत, त्यांचेही आपापले नियम आहेत. म्हणजे तयारीचा आरंभ पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो शेवटच्या सहा महिन्यांत होतो.

इतर देशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २००७ च्या एका कायद्यान्वये नॅशनल सायन्स फाउंडेशनला बंधन घालण्यात आले, आणि २००९ पासून ज्या प्रकल्प-प्रस्तावात पोस्टडॉकसाठी निधी मागितला असेल त्याला एक पानी मार्गदर्शन आराखडा जोडणे सक्तीचे झाले. या पोस्टडॉकला नोकरीच्या दृष्टीने तुम्ही काय शिकवणार, ते प्राध्यापकाने लिहून द्यायचे. ते पान नसेल तर प्रस्ताव परीक्षणाला न जाताच परत येतो. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या विकासासाठी २००८ मध्ये केलेला करार २०१९ मध्ये सुधारण्यात आला आणि प्रत्येक संशोधकाला वर्षाकाठी किमान १० दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, असे त्यात नमूद झाले. या तरतुदींमुळे तेथील पोस्टडॉकचे प्रश्न संपले असे नाही. पण ही जबाबदारी कोणाची, एवढे तरी कागदावर आले. आपल्याकडेही जीवशास्त्रात २००९ पासून तरुण संशोधकांच्या वार्षिक बैठका होतात. त्यांत पोस्टडॉक, नवे प्राध्यापक आणि संस्थांचे संचालक एकत्र येतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र तो एका विषयापुरता आणि निवडक उमेदवारांपुरता राहतो.

या विचारावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की चांगले विज्ञान स्वतःच बोलते, त्याला तयारीची गरज नाही. वर सांगितलेल्या मुलीचे विज्ञान चांगले होते. ते त्या खोलीत बोलले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यातून शिकवणी वर्गांची संस्कृती येईल आणि पोपटपंची करणारे निवडले जातील, असे काही ज्येष्ठ वैज्ञानिक म्हणतात. लोकसेवा परीक्षांच्या बाबतीत आम्ही हा धोका पाहिलेला आहे, म्हणून मी तो झटकून टाकत नाही. परंतु तयारी न करून घेतल्याने सर्व उमेदवार समपातळीवर येत नाहीत. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत किंवा ज्याच्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला पाहुणे शास्त्रज्ञ चहाला येतात, त्याला या गोष्टी नकळत कळत असतात. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्याला त्या कळत नाहीत. उघडपणे सर्वांना सांगितले नाही, तर ही माहिती काही घराण्यांची आणि काही प्रयोगशाळांची मिरास होऊन बसते.

तिसरा आक्षेप असा, की जागाच थोड्या आहेत, सर्वांना तयार करून काय साधणार? हे खरे आहे. बहुसंख्य पोस्टडॉकना प्राध्यापकपद मिळणार नाही. म्हणूनच ही वस्तुस्थिती पहिल्याच वर्षी सांगणे आणि उद्योग, पेटंट, विज्ञान-प्रशासन, विज्ञान-प्रकाशन हे मार्ग दाखवणे हाही तयारीचाच भाग आहे. अडतिसाव्या वर्षी अपेक्षाभंग होण्यापेक्षा तिसाव्या वर्षी खरे समजणे बरे.

तेव्हा माझ्या सूचना थोडक्यात अशा.

१) अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन तसेच विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी, पोस्टडॉकसाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक पानी मार्गदर्शन आराखडा मागवावा आणि प्रकल्पाच्या अंतिम अहवालात त्याचे काय झाले ते विचारावे. यासाठी वेगळी तरतूद लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

२) प्रत्येक संस्थेने पोस्टडॉकची नोंदवही ठेवावी, एका प्राध्यापकाकडे त्यांची जबाबदारी सोपवावी आणि वर्षाकाठी १० दिवस त्यांना द्यावेत.

३) वर्षातून दोनदा अभिरूप निवड समिती बसवावी. तिच्यात दुसऱ्या संस्थेतील दोन प्राध्यापक व एक प्रशासकीय अधिकारी असावा.

४) मुलाखतीला बोलावताना काय विचारले जाईल, व्याख्यान किती वेळाचे आणि श्रोते कोण, हे पत्रात लिहावे. निवड न झालेल्या उमेदवाराला दोन ओळींत कारण कळवावे. यामुळे न्यायालयीन प्रकरणे वाढतील ही भीती मी अनेक टिपण्यांत वाचली आहे. ज्यात दोषारोप नाही, केवळ पुढील प्रयत्नासाठी सूचना आहे, असे लेखन करता येते. आपण ते शिकायला हवे.

पहिल्या तीन सूचना शासनाच्या आणि संस्थांच्या वेगाने अमलात येतील. तोवर महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक काम करता येईल. हैदराबाद, बंगळूरु, कोलकाता, मोहाली, तिरुवनंतपुरम येथे मराठी प्राध्यापक आहेत, तेथेच मराठी पोस्टडॉकही आहेत, आणि दोघे गणेशोत्सवाच्या जेवणावळीत शेजारी बसूनही एकमेकांच्या कामाबद्दल बोलत नाहीत. परदेशातील मंडळांतही हेच चित्र आहे. लोकसेवेच्या उमेदवारांसाठी आपण जे दिल्लीत करतो, तेच येथे का करू नये? शेजारी तमिळ किंवा बंगाली पोस्टडॉक असेल तर त्यालाही बोलवावे. हे काम एका भाषेपुरते ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्र मंडळाची एक खोली, एक फळा, एक रविवार आणि वेगवेगळ्या विषयांतील तीन माणसे एवढ्यावर अभिरूप समिती भरते. चौथा माणूस म्हणून एखादा निवृत्त सरकारी अधिकारी मिळाला तर प्रमाणपत्रे तपासायला तो उपयोगी पडेल. दिल्लीत असे कोणी करणार असेल, तर त्या खुर्चीसाठी माझे नाव धरावे.